बेस वाढव, मोईन

होळी झाली की शहागंजच्या मागच्या गल्लीत पत्रा ठोकायला सुरुवात होते. कुलर बनवणाऱ्यांचा हा धंद्याचा काळ. फुटपाथवर पत्र्याच्या पेट्या एकावर एक चढतात, रिक्षाच्या टपावर बांधलेले कुलर गल्लोगल्ली फिरायला लागतात आणि घराघरांत मागच्या वर्षीचा कुलर गच्चीवरून उतरवून त्यातलं काळं पडलेलं गवत ओरबाडून काढण्याचा कार्यक्रम होतो. नवं गवत भिजलं की त्याचा जो ओलसर, लाकडी वास सुटतो, तो आमच्या शहरातल्या माणसाला मोगऱ्याहून प्रिय. दुपारी त्या वासात चटईवर आडवं पडण्यासारखं सुख नाही, असं मीही एके काळी म्हणायचे. आता कुलरचं बटण दाबायलाच मला भीती वाटते.

कुलरला दोन आवाज असतात. एक वरचा, गवतावरून पाणी ठिबकण्याचा. दुसरा खालचा, पंख्याचा, पोटात घुमणारा. बटण दाबून मी श्वास रोखते. ठिबक लगेच ऐकू येते. मग मी खालच्या आवाजाची वाट बघत उभी राहते. कधी तो येतो, कधी येत नाही. आला तरी तो खरंच आलाय की नाही याची खात्री वाटत नाही, म्हणून शेवटी पत्र्यावर तळहात टेकवते आणि थरथर लागते का बघते. परवा यंदाचा कुलर सुरू केला तेव्हाही हेच झालं. त्या एका उन्हाळ्याची सगळी भीती पुन्हा अंगावर आली आणि मी बराच वेळ तशीच हात टेकवून उभी राहिले.

मी गाणारी बाई. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे उभी राहून गाते. सिडकोतल्या एका घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिच्या भिंतींना आतून गाद्या ठोकून स्टुडिओ केलाय. तिथून फोन येतो, “सुवर्णा, छोटंसं काम आहे, येऊन जा.” मग कधी देवीच्या गाण्यात कोरस, कधी कोचिंग क्लासची जाहिरात, कधी कपाशीच्या बियाण्याच्या जाहिरातीत नुसतं “हो हो”. गाण्याखाली नावं येतात तेव्हा आधी मुख्य गायिका, मग संगीतकार, मग “आणि इतर”. त्या इतरांमध्ये मी पुष्कळ वर्षं प्रसिद्ध आहे.

या कामात गळ्यापेक्षा मोजणं मोठं. माइकसमोर गप्प उभं राहायचं, आतल्या आत मात्रा मोजायच्या आणि आपली जागा आली की पापणी लवायच्या आत सूर लावायचा. चुकलं की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. दोनदा चुकणाऱ्याला तिसऱ्यांदा कोणी बोलावत नाही. माझं मोजणं पक्कं होतं. पोळ्या लाटताना, एसटीत उभ्याने झोप काढताना, कोणी काही बोलत असताना माझ्या आत मोजणं चालूच असायचं. त्याचा मला अभिमान होता. तेच मोजणं पुढे माझ्यावर उलटलं.

पण मी मनापासून गाते ते रेगे. करमाडच्या धनगराची पोरगी रेगे गाते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ही कुठली देवी. रेगे हे जमैकाचं संगीत. मला ते मोईनने लावलं, तंबाखू लावावी तसं. लग्नांत वाजवणाऱ्या ज्या ऑर्केस्ट्रात मी गायचे, त्यात मोईन बेस गिटार, म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या सुरांची गिटार वाजवायचा आणि दिवसा अब्बांच्या कुलरच्या दुकानात पत्रा वाकवायचा. पाहुणे जेवायला बसले, आमच्याकडे कोणाचं लक्ष नसलं, की तो एका कोपऱ्यात स्वतःशीच काहीतरी वाजवत बसे. मोजणारी बाई मी, मला लगेच खटकलं.

“मोईन, तुझा पहिला ठोका गेला.”

“गया नै, छोड्या मैं,” तो म्हणाला. “पैली जगा खाली रखने की. सुननेवाला अपने आप भर लेता.”

मग त्याने फोनवर ती गाणी ऐकवली. कुठे जमैका आणि कुठे करमाड, पण माझ्या छातीत अगदी ओळखीचं काहीतरी हललं. आमच्याकडे बिरोबाच्या जत्रेत मोठा ढोल वाजतो, तो कानांनी ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांना लागतो. हा बेस तसाच होता. वर गाणं निवांत चाललेलं आणि खाली कोणीतरी जमीन धरून उभं. पुढे आम्ही आमची गाणी बांधली. “थांब रं ट्रकवाल्या, माझा कळप वलांडू दे” हे त्यातलं पहिलं. जालना रोडवर दादा, म्हणजे माझे वडील, काठी आडवी धरून उभे राहायचे आणि मेंढरं रस्ता ओलांडायची. दोन्हीकडून हॉर्नचा नुसता कल्ला. तेच गाणं झालं. शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कार्यक्रमात ते गायलो, तर कामगार खुर्च्यांवरून उठून डुलायला लागले.

त्या उन्हाळ्यात ही गाणी रेकॉर्ड व्हायची होती. स्टुडिओवाल्या सरांनी सांगून ठेवलं होतं, पाऊस लागायच्या आत या, नंतर पत्र्यावरचा आवाज माइकमध्ये शिरतो. आयुष्यात पहिल्यांदा मी “इतर” राहणार नव्हते. कामाच्या गडबडीत मध्येच मला ते आठवायचं आणि हसू यायचं.

लग्नसराई ऐन भरात होती. ऑर्केस्ट्रात एक रीत असते, गाणाऱ्याचा कान तो सगळ्यांचा कान. भोंग्यांच्या त्या गदारोळात प्रत्येकाला फक्त आपलंच वाजवलेलं ऐकू येतं, म्हणून गाणारा सांगेल तेवढा आवाज ठेवायचा आणि स्टेजवर वाद घालायचा नाही. गंगापूरकडच्या एका लग्नात मी मागे वळून म्हणाले, “बेस वाढव, मोईन.” त्याने वाढवला. तरी मला पोकळ वाटत राहिलं, सतरंजी ओढून घेतलेल्या खोलीसारखं. मी पुन्हा म्हणाले. त्याने पुन्हा वाढवला. नवरदेवाचे एक फेटेवाले मामा छातीवर हात ठेवून मागच्या रांगेत जाऊन बसले. आचारी बाहेर येऊन ओरडला, “अहो, कढईतलं तेल हिंदकळायलंय, जरा कमी करा की!” सगळे हसले, मीही हसले. मनात मात्र म्हणत होते, आज मोईन किती मेल्या हाताने वाजवतोय.

परतताना जीपमध्ये त्याने हळूच विचारलं, “तेरेकू सच में कम आ रा था?”

“हो. का रे?”

“कुछ नै,” म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. पूर्ण सराई त्याने मी सांगेन तसा आवाज वाढवला आणि एका शब्दाने मला काही बोलला नाही. रीत म्हणजे रीत.

मग माझा कुलर बंद पडला. मी स्वयंपाकघरात होते, हात पिठात, आणि आतल्या खोलीतली घुमघुम थांबल्याचं मला जाणवलं. मोईनच्याच दुकानातला कुलर. त्याला फोन करून चार शब्द सुनावले, कसला पंखा बसवतोस, एक उन्हाळा टिकत नाही. तो जवळच कोणाचा तरी कुलर पोचवायला आला होता, तसाच आला, चपला काढून आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही म्हणून मी गेले, तर तो कुलरसमोर उभा होता. त्याचा शर्ट वाऱ्याने फुगला होता. मिशीवर पाण्याचे बारीक थेंब बसले होते.

“चालू है, सुवर्णा,” तो म्हणाला.

मी पुढे गेले. गार वारा तोंडावर आला. ठिबक ऐकू येत होती. मोईनचं बोलणं येत होतं, गल्लीतल्या भंगारवाल्याची हाळी येत होती. फक्त पंखा येत नव्हता. पाती समोर फिरत होती आणि त्यांना आवाज नव्हता. त्या गारव्यात उभ्या उभ्या मला दरदरून घाम फुटला. दिवसभर पत्र्यावर हातोडा मारणाऱ्या माणसाचे कान शाबूत, आणि माझे? असा काहीतरी वेडा विचार आला आणि मला त्याचा रागसुद्धा आला.

कान तपासायला गेले. जाड दाराची छोटीशी खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडे बसलेल्या तरुणाने सांगितलं, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबा. आवाज यायला लागले. एक आवाज, मग थोडी थांबण्याची जागा, मग पुढचा. मला तर रोजचीच सवय. हेडफोन कानावर चढला की माझ्यातली ती मोजणारी बाई जागी होते. आवाज बारीक होत गेले, खाली खाली गेले आणि मी प्रत्येक जागेवर बटण दाबत राहिले. मी फसवत नव्हते हो. देवाशपथ सांगते, मला ते ऐकू येत होते. बाहेर आल्यावर तो तरुण कौतुकाने म्हणाला, “मॅडम, गाणाऱ्याचा कान आहे, बोलायलाच नको.”

पेढे घेऊन मी थेट मोईनच्या दुकानात गेले. अब्बांनी दुवा दिली. मोईनने पेढा हातात धरला.

“मशीन बोली?”

“मशीन बोलली.”

“फिर ठीक,” तो म्हणाला आणि पेढा तोंडात टाकला. त्याला चव लागली असेल असं वाटत नाही. मी मात्र तरंगत घरी आले. कुलर ऐकू येत नाही हे मी जणू विसरूनच गेले. माणसाला हवा असलेला निकाल मिळाला की तो आणखी चौकशी करत नाही.

त्यानंतर एकदा करमाडला गेले. दादा मेंढरं घेऊन एका मोकळ्या रानात होते. मी भाकरी घेऊन बांधावर जाऊन बसले. दुपार कलली आणि पश्चिमेकडून अवकाळी ढग चढून आले, जांभळे, गारांचे. लांबवर वीज दिसत होती. लहानपणी आमच्या घरात एका गोष्टीचा फार तोरा होता, की दादा आभाळाला भीत नाहीत. आम्ही पोरं गोधडीत तोंड खुपसायचो आणि ते बाहेर खाटेवर शांत पडलेले असायचे, जणू काही झालंच नाही. मी ते सगळ्यांना फुशारकीने सांगायचे.

एकाएकी मेंढरं एकमेकांना चिकटली आणि तोंडं आत घालून उभी राहिली.

“गरजलं वाटतं,” दादा म्हणाले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“मेंढरं बघून. त्येंनी तोंडं आत घातली की समजायचं. मला कुठं गरजलेलं ऐकू येतंय?”

“कधीपासून?”

“लई दिस झाले. तू ल्हान व्हतीस तवापासून. आधी डावा गेला, मग उजवा. माणसाचं बोलणं येतं, मेंढराची घंटी येती. खालचं सारं गेलं. ढोल बी नाय येत. हात लावून बघतो, वाजतोय का.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा हात तसाच राहिला. “तुला आलं का गं आत्ता ऐकू?”

मी नकारार्थी मान हलवली. वीज पुन्हा चमकली, मेंढरं आणखी आत दाटली आणि बांधावर आम्ही दोघं बाप-लेक त्यांच्याकडे बघत बसलो. दादांनी घोंगडी काढून माझ्या डोक्यावर टाकली. म्हणाले, “व्हय का? लई लवकर लागलं तुला. मायला सांगू नको.” त्यांच्या आवाजात मी तोवर भीती ऐकली नव्हती.

गारा पडायला लागल्या. त्या मात्र घोंगडीवर स्पष्ट ऐकू येत होत्या.

दुसऱ्यांदा कान तपासायला मोईन गाडीवरून घेऊन गेला. या वेळी वेगळी जागा आणि वयाने मोठ्या बाई. त्यांनी आधी माझं काम विचारलं. गाते म्हटल्यावर म्हणाल्या, “मग आज जरा वेगळं करू.” त्यांनी आवाजांना तालच ठेवला नाही. मध्येच दोन लागोपाठ, मध्येच कितीतरी वेळ काही नाही. बाहेर आल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“मी आवाज सोडलाच नाही, अशा ठिकाणीही तुम्ही बटण दाबलंय.”

“मला ऐकू आला.”

“आला असणार. तुम्ही खोटं बोलत नाही, पण आवाज नव्हता.”

दोन्ही कानांचे खालचे सूर चालले आहेत, असं त्यांनी सांगितलं. डावा जास्त. काही दिवस बरा वाटेल, काही दिवस नाही. कुठे थांबेल ते सांगता येत नाही. मोठ्या आवाजापासून लांब राहा, वरचेवर दाखवत राहा. मी मान हलवत होते. माझ्या डोक्यात त्यांचं एकच वाक्य अडकलं होतं, आवाज नव्हता.

बहिरेपणाची भीती निदान सांगता तरी येते. लोक हळहळतात, कानाला मशीन लाव म्हणतात. माझी भीती निराळी आहे. मला शांतता ऐकू आली असती तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात रिकाम्या जागा भरल्या जातात, त्याही अचूक तालात, अचूक सुरात. मग खरं कोणतं आणि माझं मी रचलेलं कोणतं? रस्ता ओलांडताना ट्रक येतोय म्हणून मी थांबते आणि रस्ता मोकळा असतो. एखाद्या दिवशी याच्या उलट होईल. हेडफोन लावून कोरस गाते आणि शेवटी सरांच्या चेहऱ्याकडे बघते, त्यांचे ओठ मुडपलेले तर नाहीत ना. कोणाला आवाज वाढव म्हणायची हिंमत होत नाही. आणि लोक माझ्याशी गोड बोलले की ते खरं बोलतायत का दया करतायत, हे कळेनासं होतं. भित्र्या माणसाला जग फार कनवाळू दिसायला लागतं, आणि ते काही सुखाचं नसतं.

गाणी त्या उन्हाळ्यातच रेकॉर्ड झाली. आता मेंढरांचं गाणं लग्नाच्या वरातीतही वाजतं. ओळखीचे थांबवून सांगतात, “ताई, त्यातला बेस काय जबरदस्त आहे हो, अंगावर काटा येतो.” मी “हो ना” म्हणते. तो बेस कुठून आला ते मोईनला माहीत आहे आणि मला.

तेव्हा रेकॉर्डिंग तोंडावर आलं होतं. शुक्रवारची दुपार. अब्बा नमाजहून यायचे होते, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आणि मागच्या खोलीत पत्र्याच्या पेट्यांमध्ये आम्ही दोघं. गिटारीचा छोटा अँप्लिफायर होता. मी मोईनला म्हणाले, “मला एकदाचं कळू दे. मी डोळे मिटते. तुझ्या मनाला येईल तेव्हा वाजव, मनाला येईल तेव्हा थांब. मी सांगत जाते.”

“नक्को ना, सुवर्णा.”

“आणि मी सांगेन त्याला उगाच हो म्हणायचं नाही. अब्बांची शपथ.”

त्याने गिटार उचलली. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने बेस सुरू झाला, अंधुक, लांबून आल्यासारखा. “वाजतोय,” मी म्हणाले. “थांबला. वाजतोय.” मग तो थांबेना. आमच्याच गाण्याचा बेस, पण मोईनने असा तो कधी वाजवला नव्हता. तिसऱ्या फेरीला सूर वर चढले, माझ्या ओळीसाठी थांबले आणि मेंढरं बांध उतरतात तसे एकामागून एक खाली आले. पहिली जागा रिकामी. पुन्हा रिकामी. मला इतकं बरं वाटलं. त्या पूर्ण उन्हाळ्यात पहिल्यांदा. “वाजतोय,” मी म्हणत होते, “वाजतोय, थांबू नको, हेच, हेच ठेवायचं गाण्यात.” आणि त्याला शाबासकी द्यावी म्हणून मी डोळे उघडले.

गिटार भिंतीला टेकून ठेवलेली होती. मोईन दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“पैले दो बार बजाया,” तो म्हणाला. “फिर हातच नै चला.”

बाहेर कोणीतरी शटरवर थाप मारून दुकान बंद आहे का विचारलं. पुन्हा एक थाप पडली. तो माणूस निघून गेला.

“क्या सुनी तू?” मोईनने विचारलं.

मी गुणगुणून दाखवलं. सगळं दाखवलं, तिसऱ्या फेरीचं चढणं, थांबणं, उतरणं. तो खाली मान घालून ऐकत होता. “फिर से,” म्हणाला. मी पुन्हा गायले. मग त्याने गिटार मांडीवर घेतली, डोळे पुसले आणि तारांवर बोटं ठेवली. आधी चाचपडली, मग चालायला लागली. मी डोळे उघडे ठेवून बघत होते. तिसऱ्या फेरीला बोटं वर चढली, थांबली आणि एकामागून एक खाली आली. तारेवर नख घासल्याचा बारीक आवाज तेवढा मला येत होता.

“ऐसाच ना?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “अगदी असंच.”